डब्यावरचं नाव

सोमवार, ७ फेब्रुवारी १९८३

"अकरा बायकांना अकरा मोटारी दिल्या, अन् एकीलेही चालवता येत नाही!" नत्थूजी आज मला तोंडावर म्हणाले. वर हसले! मी चहा अर्धा टाकून उठलो. विणकर सोसायटीचे चेअरमन असतील ते त्यांच्या घरी.

चालवता येत नाही म्हणजे काय? गोपिकाबाईला येत नाही? माझ्या बायकोची, कौशल्येची, ही मोठी बहीण नऊ वर्षांची असल्यापासून तांडापेठेत रहाटावर कांड्या भरते. मागाच्या धोट्यात बसते ती कांडी, तिच्यावर सूत गुंडाळायचं. एका हातानं रहाट फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायचं. डोळे मिटून करते. तिचा नवरा गेला, तिनं तीन पोरींची लग्नं केली, सगळं या कांड्यांवर. आणि नत्थूजी म्हणतात चालवता येत नाही!

आज तिच्याकडे गेलो तर उजव्या हाताची दोन बोटं चिंधीनं बांधलेली. सोसायटीनं रहाटाला मूठभर मोटार लावून दिली आहे, मिक्सरमध्ये असते तशी. सोबत एक बटण. बटण दाबलं की मोटार एकदम पिसाळते. सूत ताणतं, बोट कापतं, तुटतं. मधली चालच नाही! एक तर मेलेली, नाहीतर उधळलेली.

"मले वाटते माह्या हाताचाच दोष हाय," गोपिकाबाई म्हणाली. "नत्थूजी म्हणते, सवय होईन."

सवय! बोटं तुटायची सवय?

कॉलेजच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये असिस्टंट म्हणून मला एकवीस वर्षं झाली. मोटारीचा वेग कसा कमीजास्त करायचा हे शिकवणाऱ्यांच्या मागे उभा राहून एकवीस वर्षं ऐकतो आहे. फळा मीच पुसतो. बघतोच आता.

बुधवार, ९ फेब्रुवारी

पंख्याचा रेग्युलेटर लावून पाहिला. फसला. दोन नंबरवर मोटार नुसती गुणगुणते, जागची हलत नाही. जरा सूत ताणलं की थांबते. रेग्युलेटर मात्र असा तापला की वर पोळी भाजावी. तो वीज अडवतो, त्यात मोटारीचा दमच जातो. वेग कमी पाहिजे, दम कमी नको.

कौशल्या म्हणे, "घरचा पंखा काहून बंद केला?" सांगितलं. बहिणीचं काम म्हणून सुटलो.

रविवार, १३ फेब्रुवारी

सीताबर्डीला गेलो. ट्रायाक पाहिजे होता. नखाएवढी वस्तू, तीन पाय. विजेची प्रत्येक लाट तो थोडी उशिरा आत सोडतो. उशीर जास्त तर मोटार हळू, उशीर कमी तर जोरात. आणि लाट येते तेव्हा पूर्ण जोमानं येते, म्हणून दम टिकतो. मुलांना हे समजवायला सरांना पाऊण तास लागतो!

दुकानदार मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणतो, "किस साहब ने मंगवाया?"

मी म्हटलं, "मैंने."

"नहीं, मतलब सर्किट कौन बनाएगा?"

"मैं!"

तरी त्यानं बिलावर 'प्रोफेसर साहब' लिहिलं! लॅबचा खाकी कोट घालून गेलो हीच चूक. नाही, चूक कसली? कोट माझा आहे. चूक त्याची.

रविवार, २० फेब्रुवारी

चालला! चालला!! चालला!!!

सकाळी नऊ वाजता तांडापेठेत डबा लावला. जुन्या रेडिओच्या लाकडी खोक्यातून कापून केला आहे. वर एक मूठ, बाकी काही नाही. गोपिकाबाई मूठ फिरवायला तयार होईना. "तुम्हीच फिरवा बाप्पा." मी म्हटलं, चालवणार तुम्ही, मी कशाला? मग तिनं पदराला हात पुसला आणि अलगद फिरवली. मोटार हलली. मुंगीसारखी! कांडी फिरते आहे हे दिसतही नव्हतं, सूत मात्र चढत होतं. मग थोडी अजून. मग अजून. तिला पाहिजे तिथे तिनं आणून थांबवली आणि चिमटीतून सूत सोडत बसली. एकदाही तुटलं नाही. सात कांड्या सलग भरल्या.

मग म्हणाली, "चंद्रभानजी, हे माह्या हातासारखं चालून राहिलं."

आजवर कोणत्याच परीक्षेत मला कोणी असं म्हटलं नाही.

शेजारची सुभद्रा दारात उभी होती. चोवीस-पंचवीसची असेल, नवरा मागावर, ही कांड्यांवर. तिच्या बोटालाही चिंधी. "माह्यासाठी बी बनवा ना भाऊ." म्हटलं, बनवतो, पक्कं. डबा मात्र उघडायचा नाही, हे दोघींना तीनदा सांगितलं. ट्रायाक गरम होतो म्हणून आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवला आहे. ती पट्टी थंड दिसते, पण तिच्यात वीज खेळते. म्हणून तर लाकडाचा डबा. कांड्यांचं सूत ओलं करतात या बायका, हात सदा ओले, पाय उघडे.

सुभद्रा म्हणे, "साप पोसला म्हणा की पेटीत." हसलो सगळे.

मंगळवार, १ मार्च

दुसरा डबा लॅबमध्ये जोडत होतो, मधल्या सुट्टीत. श्रीधर सर येऊन मागे उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आले, एकतीस-बत्तीसचे, मला धाकट्या भावासारखेच. सगळं विचारलं. कंडेन्सर हाच का, हा आकडा कसा काढला. म्हटलं, चार लावून पाहिले, पाचवा जमला. मनापासून हसले. "चंद्रभान, हे फार सुंदर आहे हो." आकृती मागितली. मी वहीचं पानच फाडून दिलं.

चांगला माणूस आहे. बाकीचे सर माझ्याकडे फक्त खडू मागतात.

बुधवार, १६ मार्च

पेपरात आलं आहे! पान तीन, फोटोसकट!

'प्रा. श्रीधर पांढरीपांडे यांचे विणकर भगिनींसाठी अभिनव संशोधन.' फोटोत सर, सरांच्या हातात माझा लाकडी डबा, शेजारी नत्थूजी. दुसरा डबा सरांनी 'जरा दोन दिवस बघतो' म्हणून नेला होता. तो असा बघितला!

चार वेळा वाचलं. माझं नाव कुठेतरी असेल, शेवटच्या ओळीत, कंसात, कुठेतरी. नाही. 'कॉलेजच्या प्रयोगशाळेत महिनाभर अथक परिश्रम घेऊन' असं आहे. कोणी घेतले परिश्रम? फोटोनं?

कौशल्येनं पेपर हातातून ओढून घेतला. "तुमचं नाव काहून नाही?"

उद्या सरांनाच विचारतो, म्हटलं.

गुरुवार, १७ मार्च

विचारलं. सरळ स्टाफरूममध्ये जाऊन विचारलं. सर उठून बाहेर आले, व्हरांड्यात. आवाज खाली.

"अहो, बातमी मी लिहिली नाही. पण खरं सांगू? प्रोफेसरचं नाव आहे म्हणून नत्थूजींनी अकरा डबे मंजूर केले. लॅब असिस्टंटनं केलं म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, आधी साहेबांची सही आणा. काम होणं महत्त्वाचं नाही का?"

म्हणजे बायकांच्या भल्यासाठी माझं नाव खाल्लं! वा! चोरी करायची आणि वर उपकार!

सगळ्यात संताप कशाचा येतो? नत्थूजींबद्दल ते खरं बोलत होते. नत्थूजी असंच म्हणाले असते. मग तुम्ही त्यांना सांगा ना सर, की हा माणूस म्हणजे सही आहे! तुमच्या तोंडाला काय झालं?

बोललो नाही. 'ठीक आहे सर' म्हणालो आणि आलो. एकवीस वर्षांची जीभ, सवयीनं वळते.

शुक्रवार, १ एप्रिल

अकरा डबे बाहेरच्या दुकानात जोडायला दिले. मला विचारलंसुद्धा नाही! मी स्टोअरमध्ये तारांची भेंडोळी मोजतो आहे, स्टॉक तपासणी म्हणे. बरोबर आताच कशी आली?

सुभद्राला दिलेला शब्द राहिला. दुसरा डबा सरांच्या कपाटात. गोपिकाबाईकडून निरोप आला, सुभद्रा रोज तिच्याकडे येऊन थोडं सूत भरून जाते. तिला म्हणावं थांब, प्रोफेसरांचा येतो आहे, भारी, संशोधन केलेला!

शुक्रवार, ८ एप्रिल

डबे आले. स्टाफरूमच्या टेबलावर मांडले होते, प्रिन्सिपॉलसाहेब बघायला आले होते. पत्र्याचे! आकाशी रंग, वर पितळी पट्टी आणि तिच्यावर कोरलेलं 'पांढरीपांडे स्पीड कंट्रोलर'. माझ्या डब्यावर मी पेन्सिलीनं बाणसुद्धा काढला नव्हता.

मी एक उचलून बघितला. मागचा स्क्रू काढून आत नजर टाकली.

ट्रायाकची पट्टी सरळ डब्याच्या पत्र्याला आवळली आहे. मधे वीज अडवणारी अभ्रकाची चकती नाही. काही नाही. पत्र्याला पत्रा. थंड राहावं म्हणून केलं असेल, डोकं लावलं असेल कोणी. पण मग अख्खा डबाच ती पट्टी झाला की! दोन पिनांचा प्लग. पिन सुलटी घातली तर डबा गरीब. उलटी घातली की आकाशी पत्र्यात सगळी वीज. आणि सुलटी कोणती, उलटी कोणती, त्या प्लगवर कुठे लिहिलं आहे?

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. "सर, एक मिनिट, यात—"

सर प्रिन्सिपॉलसाहेबांना ट्रायाक समजावत होते. माझ्याच शब्दांत! 'वेग कमी पाहिजे, दम कमी नको.' माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चंद्रभान, जरा चार चहा सांगता का?"

मी डबा बंद केला. स्क्रू लावला. चहा सांगितला.

नाही सांगत! काहून सांगू? संशोधकाचं नाव कोरलं आहे ना पितळेत, मग संशोधकालाच विचारा. अभ्रकाची चकती दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. माझ्या खाकी कोटाच्या खिशात वीस पडल्या आहेत. मागा ना! एकदा म्हणा, 'चंद्रभान, बघून घ्या.' एवढंच. एवढंच म्हणायचं होतं.

देण्याआधी टेस्टर लावतीलच. कोणीही लावतो.

रविवार, १० एप्रिल

समारंभ झाला. सोसायटीच्या हॉलमध्ये, हार, माईक, सगळं. मी शेवटच्या रांगेत. कौशल्या म्हणाली नका जाऊ, तरी गेलो. बघायचंच होतं.

सर चांगलं बोलले, नाही म्हणत नाही. नत्थूजी त्याहून लांब बोलले. एक डबा स्टेजवर लावून दाखवला, मूठ फिरवली, टाळ्या. मी श्वास धरून बसलो होतो. काही झालं नाही. पिन सुलटी असेल. पायात बूट होते. बघा, काही होत नाही, म्हणून मी स्वतःला सांगितलं. म्हणजे मला वाटत होतं ना, काही होईल म्हणून!

मग नावं पुकारून एकेकीला डबा दिला. गोपिकाबाईची पाळी आली. नत्थूजी म्हणाले, "जुनं लाकडाचं डबडं जमा करा."

ही माईकसमोर! "मी नाही देत."

"अहो, हे नवीन हाय, प्रोफेसरसाहेबायचं!"

"असन. माह्यं चंद्रभानजीनं केलं हाय. मले तेच बरं."

हॉल हसला. सर माझ्याकडे बघू लागले. मी खाली बघितलं. छाती अशी भरून आली होती! नाव घेतलं तिनं माझं, सगळ्यांसमोर, माईकवर. बाकी सगळं विसरलो त्या घटकेला. खरंच विसरलो.

सुभद्रानं तिचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून नेला.

सोमवार, ११ एप्रिल

सांगायला पाहिजे. आज सर रजेवर होते. उद्या सकाळी पहिलं हेच.

घरी जाऊनही सांगता आलं असतं. धंतोलीत राहतात. सायकलनं वीस मिनिटं.

मंगळवार, १२ एप्रिल

सुभद्राला शॉक बसला.

सकाळी आठला. मी कॉलेजला निघत होतो तेव्हा गोपिकाबाईचा धाकटा जावई सायकल दामटत आला. काल झाडताना तिनं प्लग काढला होता, आज परत घातला. उलटा. उकिडवी बसून, ओल्या हातानं, एक हात डब्यावर. हात डब्याला चिकटून राहिला. ओरडताही येईना तिला. सासूनं वायर ओढून पिन उपसली म्हणून वाचली. वाचेल. मेडिकलच्या इस्पितळात नेलं आहे.

मी मेडिकलला गेलो नाही. आधी उरलेल्या नऊ घरी गेलो. प्रत्येक प्लग माझ्या हातानं उपसला, डबे गोणीत भरले. बायका विचारत होत्या, "काय झालं भाऊ?" कोणी म्हणे, "माहा तर चांगला चालून राहिला, काहून नेता?" एकीच्या घरी टेस्टर लावून बघितला. डब्यावर दिवा लागला. तिचं रांगतं पोर तीन हातांवर होतं.

पोर खेळत होतं तिथे! आणि मी शुक्रवारी चहा सांगत होतो!

गुरुवार, १४ एप्रिल

आज पाडवा. कौशल्येनं गुढी उभारली. मी कडुनिंब चावून मेडिकलला गेलो.

सुभद्रा शुद्धीवर आहे. उजवा तळवा जळला, पट्टी बांधली आहे. अंगठा आणि पहिलं बोट वळत नाही. डॉक्टर म्हणतात, पुढे बघू. चिमटीचीच दोन बोटं. त्यांच्याशिवाय सूत कसं सोडायचं?

मला बघून उठायला लागली. "भाऊ, मी पिन उलटी घातली का? माहीच चूक झाली असन."

माहीच चूक! दोन महिन्यांपूर्वी गोपिकाबाईच्या तोंडून हेच ऐकून पेटून उठलेला माणूस मी! आज तिच्या खाटेजवळ उभा होतो.

"तुझी चूक नाही," म्हटलं.

"मंग कोनाची?"

"डब्याची."

तिनं मान हलवली. डब्याची म्हटल्यावर तिला बरं वाटलं. माणसाची नाही म्हणून.

शुक्रवार, १५ एप्रिल

नत्थूजी सोसायटीच्या पायरीवर चारचौघांत बोलत होते. "ओल्या हातानं मशीनले हात लावायचा का कधी? आता आपल्यावर येईन! अडाणी बायका!"

मी ओरडलो. आयुष्यात एवढा ओरडलो नाही. म्हटलं, सूत ओलं केल्याशिवाय कांडी भरता येते का नत्थूजी? तुम्ही भरून दाखवा! तिचे हात ओले असणार हे ज्याला माहीत नाही त्यानं डबा बनवू नये आणि ज्याला माहीत आहे त्यानं—

तिथे थांबलो.

लोक म्हणाले, चंद्रभान खरं बोलला. पाठीवर हात ठेवला एकानं. तो हात तिथे अजून जाणवतो.

घरी कौशल्येनं विचारलं, "तुम्ही तो डबा आधी पायला होता का?"

"नाही," म्हणालो.

खोटं बोललो. हे फक्त इथे लिहितो आहे.

सोमवार, १८ एप्रिल

सरांना सांगितलं. सगळं. स्टोअरमध्ये दार लोटून.

सर सहा दिवसांत दहा वर्षांनी वाढल्यासारखे दिसतात. रोज मेडिकलला जातात, मला गोपिकाबाईकडून कळलं. सुभद्राच्या सासूनं त्यांना हाकललं होतं, तरी बाहेर बाकावर बसून राहतात.

मी म्हटलं, "सर, शुक्रवारी मी डबा उघडून बघितला होता. चकती नव्हती. मला दिसलं होतं."

"दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

मी जे जे महिनाभर या वहीत लिहिलं ते सगळं तेव्हा बोलायचं होतं. पेपर, पितळी पट्टी, चहा. सुभद्राची दोन बोटं एका बाजूला आणि माझे चार चहा दुसऱ्या बाजूला. काय बोलू?

"तुम्ही मला विचारलं नाही," एवढंच म्हणालो. किती लहान वाटलं ते कानाला.

सर ओरडतील, मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते रिळांच्या खोक्यावर बसले.

"नाही विचारलं," म्हणाले. "दुकानदारानं विचारलं होतं, पत्र्याला लावू का. मी न बघता हो म्हणालो. समारंभाची घाई होती." मग म्हणाले, "टेस्टरही लावला नाही मी. लाकडी टेबलावर चालवून बघितला, चालला."

एकदम मान वर केली.

"तुमची मोठी मुलगी यंदा बी.ए.ला ना? आणि धाकटी?"

"दहावीला."

"नोकरी किती राहिली?"

"अकरा वर्षं."

उठले. खिडकी लावली. जाताना म्हणाले, "हे आणखी कोणाला सांगितलं?"

"कोणालाच नाही."

का विचारलं असेल? माझ्यावर ढकलणार. ढकलू दे. कॉलेजनं नेमलेली चौकशी समिती गुरुवारी बसते आहे, मीच तिथे उभा राहून सांगणार. आपल्या तोंडानं. ठरलं.

बुधवार, २० एप्रिल

काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. पाच ओळी झाल्या. कौशल्येला वाचून दाखवणार होतो. ती मुलीच्या फॉर्मवर माझी सही घ्यायला आली. सही केली. कागद खिशात ठेवला.

गुरुवार, २१ एप्रिल

समितीसमोर मला अकरा वाजता बोलावलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांचं पत्र वाचून दाखवलं. 'यंत्राची कल्पना, रचना आणि जोडणी सर्वस्वी माझी आहे. प्रयोगशाळा सहाय्यक चंद्रभान यांचा यात कोणताही वाटा नाही. त्यांनी शुक्रवारी मला धोक्याची सूचना दिली होती, ती मी ऐकली नाही.' खाली सही, शेजारी राजीनामा.

सर समोरच बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते.

साहेबांनी विचारलं, "चंद्रभान, तुम्हाला यावर काही सांगायचं आहे?"

मी म्हटलं, "नाही सर."